पेटलेली भट्टी दाखवा

लातूरच्या एका बँकेच्या शाखेत मी दोनदा नोकरी केली. पहिल्यांदा भूकंपानंतर लगेच, फील्ड ऑफिसर म्हणून, आणि दुसऱ्यांदा निवृत्तीच्या तोंडावर, मॅनेजर म्हणून. दोन्ही वेळी एकाच वीटभट्टीवर पाहणीला गेलो. पहिल्या वेळी त्या भट्टीला कर्ज मिळालं, दुसऱ्या वेळी मिळालं नाही, आणि दोन्हीला कारण मीच होतो. हे मी बायकोलासुद्धा आजवर सरळ सांगितलेलं नाही.

माझी आत्या औशाकडच्या एका गावात माळवदाच्या घरात राहायची. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, वर लाकडं टाकून मातीचं छत. उन्हाळ्यात आत शिरलं की बाहेर यावंसं वाटायचं नाही. त्याच घराने तिला मारलं. आम्ही दगड उपसून तिला काढली तेव्हा अंगावर म्हणावी अशी जखम नव्हती, नाकातोंडात नुसती माती होती. त्यानंतर कित्येक महिने मी दगडी भिंतीला पाठ टेकून बसलो नाही. सगळ्या जिल्ह्याचीच तशी गत झाली होती. ज्यांची घरं उभी होती तेही अंगणात पत्र्याखाली झोपत होते. ज्याला त्याला आता वीट हवी होती, पातळ भिंत हवी होती, पडली तरी माणूस मरणार नाही अशी.

त्यामुळे त्या हिवाळ्यात जो तो वीटभट्टी टाकायला निघाला आणि जो तो कर्ज मागायला आमच्या दारात आला. वरून हुकूम होता की अडवू नका. मी रेणापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला. हायब्रिड ज्वारी कोणती आणि देशी कोणती हे मला अंधारातही हाताला कळलं असतं, पण विटेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एका बहाद्दराने मला विटांचा डोंगर दाखवला, मी खूश होऊन शिफारस केली, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बहाद्दराने तोच डोंगर स्वतःचा म्हणून दाखवला. दोन्हीकडे प्रत्येक विटेचा तोच कोपरा तुटलेला होता म्हणून माझ्या लक्षात आलं, नाहीतर तिसराही येऊन दाखवून गेला असता. मॅनेजरने सगळ्या स्टाफसमोर माझी खरडपट्टी काढली.

तेव्हा मी माझ्या डोक्याने एक नियम काढला. विटा शेजाऱ्याच्या आणून दाखवता येतात, पण पेटलेली भट्टी कोण उसनी आणणार? भट्टी पेटली म्हणजे माती आली, मजूर आले, कोळसा आला, बँकेचा पैसा कामाला लागला. मी सगळ्यांना सांगून टाकलं, पाहणीला येईन तेव्हा भट्टी पेटलेली दिसली पाहिजे, धूर दिसला तर कर्ज, नाहीतर रामराम. मॅनेजरला ही युक्ती इतकी आवडली की त्याने ती इतर शाखांनाही कळवली.

चाचांची ओळख त्याच दिवसांतली. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला त्यांची भट्टी होती. निजामाच्या काळात आपले आजोबा सरकारी कचेऱ्यांना कौलं पुरवायचे, असं ते सांगत. अंगाने काटकुळे, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि दोन्ही भुवया जाळाने खाल्लेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर सदा आश्चर्य. सगळं लातूर त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणू लागलो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भट्टी पेटून चार दिवस झाले होते. जवळ गेल्यावर धग लागत होती, पण धूर म्हणावा तर काहीच नाही. मी तोंड वाकडं केलं आणि विचारलं, धूर कुठाय?

चाचा हसले. "सायब, भट्टी पयल्या दिशी धूर सोडती. मंग आतल्या आत जळती. चौथ्या दिशी धूर दिसला तर समजायचं, मालकाला काम येत न्हाई."

किती सरळ सांगितलं होतं माणसाने! पण मी नवा साहेब. मी म्हणालो, "ते असेल. मला वरच्यांना फोटो पाठवावा लागतो. पुढच्या वेळी पहिल्या दिवशी बोलवा."

"हाव सायब," ते म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द पाळला. पुढे दरवर्षी कर्जाचं नूतनीकरण आलं की ते मला विचारून पाहणीचा दिवस ठरवत आणि त्या सकाळी भट्टीला आग देत. मी स्टुडिओवाल्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन जाई. धुराचा फोटो निघे, चहा आणि खारी येई, आणि काम होऊन जाई. माझ्यानंतर आलेल्यांनीही तीच रीत चालू ठेवली. चाचांच्या फाइलीत वर्षानुवर्षांचे धुराचे फोटो एकावर एक टाचलेले होते, आणि त्यातला प्रत्येक फोटो हा माणूस चोख आहे याचा पुरावा मानला जाई.

मधली बरीच वर्षं मी नांदेडला काढली. अर्धापूरच्या केळीची कर्जं माझ्याकडे होती. तिथे पहिल्यांदा अर्जात पाण्याचा रकाना आला. ठिबक आहे का, बोअर किती खोल, पाणलोटाची स्थिती काय. मोकाट पाणी सोडणाऱ्याच्या केळीला कर्ज देताना वरून विचारणा होऊ लागली. लोक माझ्यावर चिडत, पण मला तो रकाना मनापासून पटत होता. खडकापर्यंत भोकं पाडून झाली तरी बँक पुढच्या भोकाला पैसे देत होती, हे कुणीतरी थांबवायलाच हवं होतं. त्यामुळे पर्यावरण म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हतो, एवढं इथे सांगून ठेवतो.

परत लातूरला आलो तेव्हा गाव ओळखू येईना. जिकडे पाहावं तिकडे क्लास. चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींच्या चेहऱ्यांचे फ्लेक्स, त्यांच्याखाली मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, आणि या सगळ्यांना कोंबायला होस्टेलं. माझ्या टेबलावर निम्मे अर्ज होस्टेलांचेच. चाचांची भट्टी होती तिथेच होती, पण गाव चालत तिच्या अंगावर आलं होतं. तिन्ही बाजूंनी चार-चार मजली होस्टेलं, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या विटा चाचांच्याच. गच्चीवर वाळत घातलेल्या पोरींच्या कपड्यांवर काजळी बसे. पालक भांडायला येत, होस्टेलवाले पालिकेत जात. शेवटी पालिकेची नोटीस आली, एवढा हंगाम झाला की भट्टी हलवा.

चाचांनी वाद घातला नाही, उलट ते तयारच होते. आंध्राच्या बाजूला जाऊन ते नव्या तऱ्हेची भट्टी पाहून आले होते, झिगझॅग म्हणतात तिला. तिच्यात हवा विटांच्या रांगांतून नागमोडी फिरते, कोळसा पुरता जळतो, आणि उंच चिमणीतून जे बाहेर पडतं ते नुसतं पांढरट. माझ्या टेबलावर चहाच्या कपबशा सरकवून त्यांनी मला ती हवा कशी फिरते ते दाखवलं. रेणापूरच्या रस्त्याला जागेचा इसारही देऊन झाला होता. आता चिमणी आणि बांधकामाला कर्ज हवं होतं.

"सोळा जोड्या हायत माझ्याकडं," ते म्हणाले. जोडी म्हणजे विटा थापणारे नवरा-बायको; कंधार-मुखेडकडून दर हंगामाला येत. "काहींचे तर आईबापबी माझ्याकडंच थापत होते. हे कर्ज झालं तर भट्टी ऱ्हाती, न्हाई तर खतम. पर तुमीच हायत म्हणल्यावर मला काय फिकीर?"

मीही म्हणालो, काळजी करू नका.

काळजी करण्यासारखं होतं ते नव्या फॉर्ममध्ये. पर्यावरण आणि सामाजिक जोखीम असं लांबलचक नाव, आणि वीटभट्टी त्यातल्या कडक यादीत. धंदा कितीही चोख असो, त्या फॉर्ममध्ये नापास झाला की कर्ज नाही. आणि फॉर्म विचारत काय होता? नवी भट्टी कशी असेल हे त्यात कुठेच नव्हतं. आज जी आहे ती पाहा, फोटो काढा आणि धूर किती ते लिहा. माणूस धूर कमी करायला पैसे मागतोय आणि तुम्ही त्याला विचारताय की आज धूर किती करतोस! हे ज्याने लिहिलं त्याने जन्मात वीटभट्टी पाहिली नसावी. मी विभागीय कार्यालयात फोन करून तसं बोललोही. तिकडून उत्तर आलं, फॉर्म भरा.

पाहणीला विभागीय कार्यालयातल्या एक तरुण मॅडम सोबत येणार होत्या. कर्जदाराला आधी कळवायचं नाही, असा नियम होता. तो मी मोडला. बुधवारी दुपारी चाचांना फोन केला आणि म्हणालो, "उद्या अकरा वाजता पाहणीला येतोय." समोर दोन माणसं उभी होती, कॅशियर काहीतरी विचारत होता. पाहणी कशाची हे मी सांगितलं नाही. सांगायला पाव मिनिट लागलं असतं. मला वाटलं, आधी कळवलं म्हणजे मी त्यांच्यावर उपकारच केले.

गुरुवारी रिंग रोडला वळलो आणि समोर आभाळात काळा खांब उभा दिसला. मॅडमनी विचारलं, "तीच का?" मला उत्तर द्यायची गरज पडली नाही.

चाचा इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुसून मांडलेल्या, खारीची बशी झाकून ठेवलेली. थापणाऱ्या बाया पदराने नाक दाबून लांब उभ्या. मला जरा बाजूला घेऊन चाचा हळूच म्हणाले, "सायब, तुमच्यासाठी पेटवली. अजून आठ दिस वाळू द्यायची होती. रात्री तुमचा निरोप सगळ्यांना सांगितला, आन् पहाटं फजरच्या नमाजानंतर आग दिली. अवकाळीनं चिपाड भिजलंय, धरंना, म्हणून टायर टाकले. कवाच टाकत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. पर तुमच्यासमोर थंड भट्टी कशी दाखवायची?"

पालिकेचं भांडण वेगळं आणि बँकेचं वेगळं, अशी त्यांच्या डोक्यात सरळ वाटणी होती. धूर पालिकेला नको होता. बँकेला तो हवा असतो, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

मॅडमनी मोबाइल वर धरला. ते पाहून चाचांनी मजुरांकडे हात केला. "टाका रे अजून एक!" टायर आत गेला आणि भसकन नवा लोट उठला. चाचा त्याच्या शेजारी जाऊन ताठ उभे राहिले. दर वर्षीच्या फोटोत ते तसेच उभे असत. मॅडमनी चार फोटो काढले. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी खारी घेतली.

परतताना गाडीत मॅडम म्हणाल्या, "सर, मी मुखेडची. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्या भट्टीमागच्या होस्टेलात होते. सकाळी नाक पुसलं की रुमाल काळा. खोलीतल्या एकीला दम्याचा त्रास सुरू झाला, ती परीक्षा न देता घरी गेली. लोकांना वाटतं आम्ही ऑफिसात बसून फॉर्म बनवतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला त्यांना चूक म्हणता येईना. त्या चूक नव्हत्याच.

पण मला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. आज दिसलं ते त्या भट्टीचं रोजचं रूप नव्हतं. चार दिवसांनी या, लोट दिसणार नाही. आणि नवी भट्टी झाली की होस्टेलातल्या पोरींच्या नाकात काजळी जाणारच नाही, त्यासाठीच तर कर्ज आहे. हे सगळं मी तिथे गाडीत सांगू शकत होतो. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

अहवालात शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तो मी भरायचा होता. दोन ओळी पुरल्या असत्या: भट्टी पाहणीसाठी मुद्दाम त्याच सकाळी पेटवलेली, पुन्हा पाहणी व्हावी. पण पुढचा प्रश्न काय आला असता ते मला ठाऊक होतं. पाहणी आहे हे कर्जदाराला कुणी सांगितलं? माझ्या निवृत्तीला दहा महिने होते. त्याआधीच्या वर्षी एका सहकाऱ्याची एवढ्याशा गोष्टीवरून चौकशी लागली आणि निवृत्तीनंतरही त्याचे पैसे अडकून पडले होते. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. मी कारणं शोधत होतो आणि ती भराभर सापडत होती. एक सांगतो, त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग चाचांचाच आला होता. कोणी सांगितलं होतं टायर टाकायला? असा राग आला की काम सोपं होतं. मी शेऱ्याचा रकाना कोरा सोडला आणि सही केली.

कर्ज नामंजूर झालं. पत्र एका वाक्याचं होतं, स्थळपाहणी समाधानकारक न आढळल्याने अर्जाचा विचार करता येत नाही. शिपायाच्या हाती पाठवून दिलं. चाचा शाखेत येतील, भांडतील, मग मी त्यांना सगळं सांगेन, असं मी ठरवलं होतं. ते आलेच नाहीत. गुरुवारच्या त्या घाईत पेटवलेल्या भट्टीतल्या निम्म्या विटा पिवळ्या, कच्च्या निघाल्या असं एका होस्टेलवाल्याकडून कळलं. रेणापूर रस्त्याचा इसार बुडाला. हंगाम संपल्यावर पालिकेने भट्टी मोडली.

ती जागा एका बिल्डरने घेतली आणि होस्टेलसाठी कर्ज मागायला तो माझ्याकडेच आला. तोच फॉर्म, त्याच मॅडम. गच्चीवर सौर बंब, पावसाच्या पाण्याचा खड्डा, दोन्ही नकाशात होतं. सगळे रकाने भराभर भरले. वरून शेरा आला की असे प्रस्ताव आणखी पाठवा. बांधकामाच्या विटा निलंग्याच्याही पलीकडून ट्रकने येत होत्या, टायर जाळणाऱ्या भट्ट्यांमधून. त्या भट्ट्यांना सावकाराचा पैसा होता, बँकेशी त्यांचा संबंध नव्हता, त्यामुळे त्यांना फॉर्म विचारायला कोणी गेलं नाही. चाचांच्या सोळा जोड्यांपैकी बऱ्याच तिकडेच गेल्या असं मी ऐकलं. मंजुरीवर सही माझी आहे.

मी वेळेवर निवृत्त झालो. सगळे पैसे वेळेवर मिळाले. मुलीचं लग्नही थाटात झालं.

वर्षभराने एका नातेवाइकाच्या तेराव्याला निलंग्याला गेलो होतो. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभा होतो तर मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. मी ओळखलं नाही. भुवया आल्या होत्या, पांढऱ्या. जाळापासून दूर गेल्यावर त्या उगवल्या होत्या आणि चाचांचा चेहरा कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचा झाला होता. ते लेकीकडे राहत होते. जावयाचं बांगड्यांचं दुकान होतं, तिथे बसायचे. लेकीच्या दारात राहतो हे सांगताना ते जमिनीकडे बघत होते. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला चहा पाजला, आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

माझी गाडी लागली तसा मी उठलो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, आता विचारतील. विचारलंच तर सांगून टाकायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

"सायब," ते म्हणाले, "तवापासून एक बोलायचं ऱ्हाऊन गेलंय. तुमी लई इश्वासानं त्या मॅडमला घिऊन आलते. आन् आमचं चिपाड ओलं. टायर टाकले तरी पायजे तसा जाळ उठला न्हाई. फोटोत काय दिसलं आसंल? मॅडमसमोर तुमची मान खाली गेली माझ्यामुळं. माफ करा."

कंडक्टरने घंटी मारली. गाडीतली माणसं आमच्याकडे बघत होती. चाचांनी हात सोडला नव्हता, ते माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"असू द्या चाचा," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."